पहिल्या गावाचा दर सगळ्या गावांना: सिंगलटनमध्ये अडकलेल्या स्कोप्ड वस्तूचं प्रकरण

सकाळी सहाच्या सुमारास फोन आला. पलीकडे दूध संकलन चालू होतं. कॅन आपटल्याचे आवाज येत होते, मागे कुणीतरी उत्पादकांचे नंबर पुकारत होतं. संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम, ह्यो दर आमचा न्हाई बघा." त्यांच्या हातात नुकतीच छापलेली पावती होती. गाय, फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५, आणि पुढे छापलेला दर त्यांच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या दरापेक्षा ४० पैशांनी कमी.

गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे साधारणपणे याच ३.५ आणि ८.५ पासून वरखाली मोजतात, म्हशीचा ६.० आणि ९.० पासून. म्हणून हा एक दर सचिवांना आणि उत्पादकांना तोंडपाठ असतो. फॅट ४.१ आणि एसएनएफ ८.७ अशी काही आली असती, तर पावती बघून कुणालाही शंका आली नसती. दूध नेमकं ३.५ आणि ८.५ ला लागलं म्हणून चूक दिसली.

दर लावणारं सॉफ्टवेअर आमचं, म्हणून मी त्याचा डेटाबेस उघडून पाहिला. त्या संस्थेचं दरपत्रक बरोबर होतं. संकलन उरकल्यावर ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं, सचिवांना एक चाचणी पावती काढायला सांगितली, दर बरोबर आला. मिटलं असं समजून मी कामाला लागले. संध्याकाळी दुसऱ्या गावाहून फोन आला. तिथे दर जास्त लागत होता, आणि सचिवांना घाम फुटला होता, कारण जास्त गेलेले पैसे शेवटी संस्थेच्या खात्यातून जाणार होते.

यातून बाहेर पडायला आम्हाला सहा दिवस लागले. मूळ बदल एका शब्दाचा होता. ज्याने तो केला तो आमच्यातला सगळ्यात काळजीपूर्वक काम करणारा मुलगा, आणि त्या बदलाचं रिव्ह्यू मीच केलं होतं. चूक निष्काळजीपणाने झाली असती तर इतकं लिहायची गरज पडली नसती.

व्यवस्था कशी होती

सर्व्हरवर एएसपी डॉटनेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कवर बनवलेलं वेब एपीआय, म्हणजे केंद्रांच्या रिक्वेस्टना उत्तर देणारा प्रोग्रॅम, त्याखाली डेटाबेसशी बोलणारं एन्टिटी फ्रेमवर्क कोअर, एकच डेटाबेस, आणि त्यात चौदा प्राथमिक दूध संस्थांचा डेटा. केंद्रावरच्या मशीनकडून लिटर, फॅट आणि एसएनएफ येतात, आमचं एपीआय दर लावून परत पाठवतं, पावती तिथेच छापली जाते. प्रत्येक संस्थेचं दरपत्रक वेगळं. कुणाचा वाहतूक खर्च जास्त, कुणाचं कमिशन कमी, त्यामुळे दरांमध्ये पैशांचा फरक.

एका संस्थेचा डेटा दुसरीला दिसू नये यासाठी तीन तुकडे एकमेकांवर अवलंबून होते. पहिला 'चालूसंस्था' नावाचा क्लास. लॉगिन टोकनमधून संस्था क्रमांक काढून स्वतःजवळ ठेवायचा, एवढंच त्याचं काम. दुसरा 'दूधकॉन्टेक्स्ट', म्हणजे आमचा डीबीकॉन्टेक्स्ट, डेटाबेसमधून वाचणारी-लिहिणारी वस्तू. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) चालूसंस्था येते, आणि प्रत्येक क्वेरीला आपोआप त्या संस्थेचा फिल्टर लागतो. तिसरी 'दरसेवा'. ती दूधकॉन्टेक्स्टकडून दरपत्रक घेते आणि फॅट-एसएनएफवरून दर काढते.

या तिन्हींची नोंदणी स्कोप्ड म्हणून होती. डॉटनेटच्या कंटेनरमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या वस्तू बनवून एकमेकींना जोडून देणाऱ्या भागात, वस्तूचं आयुष्य तीनच प्रकारे सांगता येतं. ट्रान्झियंट म्हणजे मागाल तेव्हा नवी. सिंगलटन म्हणजे ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत एकच. स्कोप्ड म्हणजे एका स्कोपपुरती एक, आणि वेब ॲप्लिकेशनमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला फ्रेमवर्क स्वतः एक स्कोप उघडतं आणि रिक्वेस्ट संपली की बंद करतं. बंद करताना त्या स्कोपमध्ये जन्मलेल्या, डिस्पोज होऊ शकणाऱ्या वस्तू उलट्या क्रमाने डिस्पोज होतात, म्हणजे नीट बंद केल्या जातात. एन्टिटी फ्रेमवर्कची ॲडडीबीकॉन्टेक्स्ट ही नोंदणी मुळातच स्कोप्ड असते. त्याला कारण आहे. डीबीकॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच कामासाठी बनवलेला आहे, दोन थ्रेडनी एकदम वापरायची ती वस्तू नव्हे.

ज्यांना हे रोज हाताळावं लागत नाही त्यांच्यासाठी केंद्रावरचंच उदाहरण देते. फॅट तपासायचं मशीन सगळ्या गावासाठी एकच असतं. पण नमुन्याचा कप प्रत्येक उत्पादकाच्या दुधाने नव्याने भरायचा असतो. मशीन सिंगलटन, कप स्कोप्ड. कप मशीनच्या आतच अडकून राहिला, तर पुढच्या प्रत्येकाच्या नावावर पहिल्याच्याच दुधाची फॅट लागत राहील. मशीन बिघडलेलं नसेल, आकडेही खरेच असतील, फक्त ते त्या माणसाच्या दुधाचे नसतील.

बदल

तक्रार वेगाची होती. प्रत्येक पावतीला दरसेवा पूर्ण दरपत्रक डेटाबेसमधून वाचायची. गायीच्या एका दरपत्रकात फॅट आणि एसएनएफच्या जोड्या मिळून शेकडो ओळी असतात. रांगेत माणसं उभी, पावती यायला दोन-तीन सेकंद. सहकाऱ्याने दरसेवेत एक डिक्शनरी ठेवली, एकदा वाचलेली दरपत्रकं जपून ठेवायला. तारीख आणि जनावर ही की, दरपत्रक ही व्हॅल्यू. डिक्शनरी रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट टिकायला हवी म्हणून नोंदणीत ॲडस्कोप्डच्या जागी ॲडसिंगलटन केलं. पावत्या झटपट यायला लागल्या आणि केंद्रांवरून कौतुकाचे फोन आले.

रिव्ह्यू करताना मी डिक्शनरी पाहिली, लॉक नीट आहे का ते पाहिलं. कीमध्ये संस्था क्रमांक नाही हे मला दिसलं होतं. पण ही सेवा चालूसंस्थेचंच दरपत्रक वाचते, हे वर्षभर डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की वेगळ्या संस्था क्रमांकाची गरजच वाटली नाही. आयुष्य बदललं की 'चालू' या शब्दाचा अर्थही बदलतो, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही.

पहिली दुरुस्ती आणि ती का फसली

दुसऱ्या दिवशी मी कीमध्ये संस्था क्रमांक घातला. क्रमांक कंट्रोलरकडून पॅरामीटर म्हणून दरसेवेकडे पाठवला आणि डिक्शनरी तासाभराने रिकामी व्हावी अशी सोय केली. मला खात्री होती की चूक एवढीच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन, तोच चुकीचा दर. आता मात्र मी गोंधळले. डिक्शनरीत प्रत्येक संस्थेचा वेगळा कप्पा दिसत होता, आणि कप्प्यावर नाव बरोबर असूनही आतलं दरपत्रक शेजारच्या गावाचं होतं.

त्याच दिवशी आणखी एक विचित्र गोष्ट घडली. एका संस्थेने सकाळी सातला दरपत्रकात दर वाढवला. डिक्शनरी तासाभराने रिकामी झाली, नवी क्वेरी गेली, लॉगमध्ये ती स्पष्ट दिसत होती. तीच क्वेरी मी हाताने चालवली तर नवा दर आला. पावतीवर मात्र जुनाच छापला जात होता.

हे दोन्ही प्रकार एकाच कारणाने होत होते, पण ते कळायला मला आणखी दीड दिवस गेला. शेवटी साधा उपाय केला. प्रत्येक डीबीकॉन्टेक्स्टला स्वतःची ओळख असते, कॉन्टेक्स्टआयडी नावाची. ती मी दोन ठिकाणी लॉगमध्ये छापली: कंट्रोलरमध्ये, आणि दरसेवेत दरपत्रक वाचण्याच्या ओळीच्या आधी. सोबत फिल्टरला लागणारा संस्था क्रमांकही.

एकाच रिक्वेस्टमध्ये दोन्हीकडे एकच ओळख दिसायला हवी होती. कंट्रोलरमधली ओळख दर रिक्वेस्टला बदलत होती, ते बरोबर. दरसेवेतली ओळख सकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी जी छापली गेली तीच साडेआठलाही होती, आणि तिच्यासमोर संस्था क्रमांक कायम ७. सातव्या क्रमांकाचं गाव नदीपलीकडचं. तिथलं संकलन सगळ्यात लवकर सुरू होतं.

आत काय घडत होतं

दरसेवा सिंगलटन झाली तरी तिच्या कन्स्ट्रक्टरला दूधकॉन्टेक्स्ट हवाच होता. सिंगलटन एकदाच बनते, त्यामुळे तिला मिळालेला कॉन्टेक्स्टही तोच राहतो. स्कोप्ड वस्तू कितीही अल्पायुषी म्हणून नोंदवा, दीर्घायुषी वस्तूने तिला धरून ठेवलं की ती तितकीच जगते. या प्रकाराला सॉफ्टवेअर लेखक मार्क सीमन यांनी २०१४ मध्ये 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी' हे नाव दिलं. मराठीत मी याला डांबून ठेवलेली वस्तू म्हणते.

इथे एक बारकावा आहे. अनेकांची समजूत असते की सिंगलटन पहिल्या रिक्वेस्टच्या स्कोपमधली वस्तू पकडते. डॉटनेटच्या कंटेनरमध्ये तसं होत नाही. सिंगलटन बनताना तिच्या खालची सगळी साखळी रूट स्कोपमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्या सगळ्यात वरच्या स्कोपमध्ये, बनते. पहिल्या रिक्वेस्टचा स्वतःचा दूधकॉन्टेक्स्ट वेगळा असतो, तो रिक्वेस्टबरोबर नीट डिस्पोज होतो. दरसेवेच्या हातात येतो तो रूटमधला, जो कुठल्याच रिक्वेस्टचा नसतो आणि ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत डिस्पोज होत नाही.

मग त्या रूटमधल्या कॉन्टेक्स्टला सातवी संस्था कशी चिकटली? चालूसंस्था संस्था क्रमांक स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमध्येच वाचत होती, एचटीटीपीकॉन्टेक्स्ट ॲक्सेसरकडून. ॲक्सेसर स्वतः सिंगलटन असतो, पण तो चालू असलेल्या असिंक प्रवाहामागून जातो, त्यामुळे ज्या रिक्वेस्टमध्ये विचाराल तिचाच वापरकर्ता सांगतो. रूटमधली चालूसंस्था जन्मली ती पहाटेच्या पहिल्या पावतीच्या रिक्वेस्टमध्ये. तिने त्या क्षणी विचारलं, उत्तर आलं सात, आणि ते तिने दिवसभर जपलं.

चालूसंस्था मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या मधल्या कोडमध्ये) भरली जात असती, तर रूटमधली प्रत रिकामी राहिली असती आणि पहिल्याच पावतीला काहीतरी मोडलं असतं. म्हणजे चूक तीच, पण ती पहिल्या तासात सापडली असती. कन्स्ट्रक्टरमध्ये वाचण्याच्या सोयीनेच आमचा घात केला.

आता माझी पहिली दुरुस्ती का फसली ते उघड आहे. की बरोबर होती, पण क्वेरी जात होती डांबलेल्या कॉन्टेक्स्टमार्फत, आणि त्याचा फिल्टर सातवरच अडकलेला. आणि जुना दर का येत राहिला? डीबीकॉन्टेक्स्ट वाचलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवतो. तीच ओळ पुन्हा मागितली तर क्वेरी डेटाबेसपर्यंत जाते, नवा आकडा परतही येतो, पण त्या प्राथमिक कीची वस्तू आधीच लक्षात असली तर कॉन्टेक्स्ट तीच जुनी वस्तू हातात देतो. एका रिक्वेस्टपुरतं हे वागणं योग्यच आहे. जवळजवळ तीन तास जगलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये मात्र त्याचा अर्थ असा, की पहाटे वाचलेला दरच खरा.

राहिला प्रश्न दर सत्राला चूक जागा का बदलते हा. आम्ही आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर होतो. तिथे ॲप्लिकेशन पूलला २० मिनिटं एकही रिक्वेस्ट आली नाही तर तो मूळ सेटिंगनुसार बंद होतो आणि पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा उठतो. सकाळचं संकलन नऊला संपतं, संध्याकाळचं पाचला सुरू होतं. मधे शांतता. म्हणजे प्रत्येक सत्राला नवी दरसेवा, आणि त्या सत्रात पहिली पावती ज्या गावाची त्या गावाचा दर सगळ्यांना. मी आठ दिवसांच्या पावत्या वेळेनुसार लावल्या, प्रत्येक सत्रातली पहिली संस्था एका रकान्यात लिहिली आणि चुकलेले दर शेजारी मांडले. रकाने तंतोतंत जुळले. माझ्या पहिल्या रीस्टार्टनंतर दर 'बरोबर' आला होता तो याच कारणाने. संकलन उरकलेलं होतं आणि पहिली पावती मी त्यांच्याकडूनच काढून घेतली होती.

यात आणखी एक खूण होती, जी आम्ही आठवडाभर वाचत होतो आणि सोडून देत होतो. सत्राच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत लॉगमध्ये एखाद-दुसरी चूक यायची: या कॉन्टेक्स्टवर आधीचं काम पुरं होण्याआधी दुसरं सुरू झालं. केंद्रावरचं सॉफ्टवेअर आपोआप पुन्हा प्रयत्न करायचं, तोवर डिक्शनरी भरलेली असायची, पावती निघायची. प्रत्येक रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट वेगळा असेल, आणि रिक्वेस्टच्या आत कुणी अवेट (आधीचं काम संपायची वाट पाहायला सांगणारा शब्द) विसरलं नसेल, तर ही चूक येण्याचं कारणच नाही. ती दिसली की सगळ्यात आधी आयुष्यं तपासावीत. मी आता तेच करते.

फ्रेमवर्कने सांगितलं का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचत होता, कारण ही चूक पकडायची सोय फ्रेमवर्कमध्ये आहे. व्हॅलिडेटस्कोप्स नावाचा पर्याय चालू असेल तर सिंगलटनमध्ये स्कोप्ड वस्तू घालताच कंटेनर स्पष्ट नकार देतो आणि दोन्हींची नावं सांगतो. २०१९ च्या ३.० आवृत्तीत व्हॅलिडेटऑनबिल्ड आला. तो ॲप्लिकेशन उठतानाच नोंदवलेल्या सेवांच्या साखळ्या तपासतो. दोन्ही पर्याय आपोआप चालू असतात, पण फक्त एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे ॲप्लिकेशन कुठल्या वातावरणात चालतंय त्याचं, नाव 'डेव्हलपमेंट' असेल तेव्हा.

आमच्या मशीनवर एन्व्हायर्नमेंटचं नाव होतं 'लोकल'. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सेटिंगच्या फाइली वेगळ्या ठेवता याव्यात म्हणून ते दिलं होतं. चाचणी सर्व्हरवर नाव दिलेलंच नव्हतं, आणि नाव नसेल तर फ्रेमवर्क 'प्रॉडक्शन' धरतं. म्हणजे ही तपासणी कुणी बंद केली नव्हती. ती आमच्याकडे कधी चालूच नव्हती, एकाही मशीनवर. आपल्या फ्रेमवर्कच्या टीमने जो पहारेकरी दाराशी उभा केला होता, त्याला आम्ही नकळत रजेवर पाठवलं होतं.

चाचण्यांचंही तसंच. युनिट टेस्ट भरपूर होत्या, पण प्रत्येकीत दरसेवा हाताने न्यू करून बनवलेली, एकाच संस्थेसाठी. कंटेनर त्या चाचण्यांमध्ये कुठे नव्हताच. वेबॲप्लिकेशनफॅक्टरीवर, म्हणजे कंटेनरसकट पूर्ण ॲप्लिकेशन उठवून, चालणारी एक जरी चाचणी असती, तर ती मुळातच डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालते, आणि बदल मर्ज होण्याआधीच लाल झाली असती.

दोन्ही तपासण्या मी सगळीकडे चालू केल्या आणि ॲप्लिकेशन उठेना. मनापासून सांगते, इतका आनंद मला त्या आठवड्यात कशानेच झाला नाही. चुकांची यादीच आली. दरसेवा तर होतीच. शिवाय एसएमएस पाठवणारी बॅकग्राउंडसर्व्हिस निघाली, रिक्वेस्टशिवाय मागे चालत राहणारी होस्टेड सर्व्हिस. होस्टेड सर्व्हिस सिंगलटन असतात, आणि आमच्या सेवेने कन्स्ट्रक्टरमध्येच एक स्कोप्ड वस्तू घेतली होती. ती दुरुस्त केल्यावर पाइपलाइन उभी राहताना एक मिडलवेअर अडकलं. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेलं मिडलवेअर ॲप्लिकेशन उठताना एकदाच बनतं. त्याला स्कोप्ड वस्तू हवी असेल तर ती कन्स्ट्रक्टरमध्ये मागायची नसते, इन्व्होकअसिंकच्या पॅरामीटरमध्ये मागायची असते. तिथे ती दर रिक्वेस्टला त्या रिक्वेस्टच्या स्कोपमधून येते. डॉटनेटमध्ये सगळ्यात जास्त लोक अडखळतात ती ही जागा असावी, असं माझं मत आहे.

यादीत न आलेली एक जागा मी हाताने शोधली. सिंगलटनची नोंदणी लॅम्डा (वस्तू बनवणारं छोटं निनावी फंक्शन) देऊन केली असेल, तर व्हॅलिडेटऑनबिल्डला लॅम्डाच्या आतलं दिसत नाही. व्हॅलिडेटस्कोप्स तिथे नकार देतो, पण ती वस्तू प्रत्यक्ष मागितली जाईल तेव्हा. महिन्यातून एकदा चालणाऱ्या अहवालात अशी नोंदणी असेल तर चूक महिन्याने कळेल. आमच्याकडे नेमकी तशीच एक होती.

काय बदललं

दरसेवा पुन्हा स्कोप्ड केली. वेगाची गरज खरी होती, म्हणून कॅश वेगळा काढला. मेमरीकॅश सिंगलटनच असतो आणि तसाच असावा, पण त्यात आता साधे आकडे आहेत. ट्रॅकिंगशिवाय, म्हणजे कॉन्टेक्स्टला लक्षात ठेवायला न लावता, वाचलेलं दरपत्रक, साध्या रेकॉर्डमध्ये, संस्था, तारीख आणि जनावर या कीखाली. दरसेवा आपल्या रिक्वेस्टच्या कॉन्टेक्स्टने वाचते, कॅशमध्ये ठेवते आणि रिक्वेस्टबरोबर संपते. सचिवांनी दर बदलला की त्या संस्थेची की तिथल्या तिथे काढून टाकतो.

आधीच्या रचनेत दोन गोष्टी एकाच क्लासमध्ये मिसळल्या होत्या. टिकाऊ माहिती आणि ती आणणारा तात्पुरता हात. माहिती टिकवायला हवी होती, आम्ही हातही टिकवून ठेवला. वस्तूचं आयुष्य ठरवताना मी पूर्वी 'ही बनवायला किती महाग आहे' असं विचारायचे. आता विचारते, 'ही कोणाची आहे?' ती एका रिक्वेस्टची, एका संस्थेची असेल तर कितीही महाग असली तरी सिंगलटन होऊ शकत नाही. तिच्यातलं जे खरोखर सगळ्यांचं आहे ते वेगळं काढावं लागतं.

दुसरा पर्याय होता दरसेवा सिंगलटनच ठेवायची, आणि सर्व्हिसस्कोपफॅक्टरी घेऊन गरजेला छोटा स्कोप उघडायचा. किंवा एन्टिटी फ्रेमवर्क कोअर ५ पासून मिळणारी डीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरी वापरायची. दोन्ही चाललं असतं. रिक्वेस्टच्या आत असताना मला ते पटत नाही, कारण फ्रेमवर्कने स्कोप उघडून दिलेलाच आहे. त्याच्या आत आपण आणखी एक उघडला की एकाच पावतीसाठी दोन कॉन्टेक्स्ट, दोन कनेक्शन, आणि ट्रान्झॅक्शन फक्त एकावर.

एसएमएसच्या सेवेत मात्र तेच योग्य होतं, कारण तिथे रिक्वेस्टच नाही. ती आता दर खेपेला प्रत्येक संस्थेसाठी क्रिएटअसिंकस्कोपने नवा स्कोप उघडते, त्यातल्या चालूसंस्थेत क्रमांक भरते, त्या संस्थेचे संदेश पाठवते आणि स्कोप बंद करते. पहिल्या प्रयत्नात आम्ही सगळ्या संस्थांसाठी एकच स्कोप उघडला होता. तेव्हा पहिल्या संस्थेनंतर दुसरीचा क्रमांक भरायला गेलो आणि नव्या चालूसंस्थेने नकार दिला.

कारण चालूसंस्था आम्ही पूर्ण बदलली होती. कन्स्ट्रक्टरमध्ये ती आता काहीही वाचत नाही. मिडलवेअर टोकन तपासून तिच्यात क्रमांक भरतं, तो एकदाच भरता येतो, आणि भरण्याआधी कुणी विचारला तर ती एक्सेप्शन फेकते. उद्या कुणी तिला पुन्हा डांबलं, आणि तपासणीही कुठे बंद असली, तरी पहिलीच पावती अडेल. पावती न निघणं वाईटच, पण अडलेली पावती पाच मिनिटांत कळते. चुकलेली पावती एखाद्या घरी दारामागच्या खिळ्याला अडकवलेली राहते, आणि दसवड्याचं, म्हणजे दहा दिवसांचं, बिल हातात पडल्यावर कुणीतरी बोटं मोजत बसतं.

व्हॅलिडेटस्कोप्स प्रॉडक्शनमध्येही चालू ठेवायचं का यावर आमच्यात चर्चा झाली. तपासणीला थोडा वेळ लागतो म्हणून फ्रेमवर्क ती तिथे आपोआप लावत नाही. चौदा संस्थांच्या भारात आम्हाला तो वेळ जाणवला नाही, म्हणून चालू ठेवली. खूप मोठ्या भारावर कदाचित मी वेगळं ठरवेन, पण मग मर्ज होण्याआधीच्या चाचणीत ती असायलाच हवी. 'लोकल' हे नाव काढून टाकलं. ज्या सेटिंगसाठी ते दिलं होतं ते आता वैयक्तिक फाइलमध्ये आहे.

नवी चाचणी अगदी छोटी आहे. दोन संस्था, दोन वेगळी दरपत्रकं, एकच चालू ॲप्लिकेशन. पहिल्या संस्थेच्या लॉगिनने ३.५ आणि ८.५ चा दर मागायचा, मग दुसरीच्या, मग पुन्हा पहिलीच्या. नंतर पहिलीचा दर बदलायचा आणि परत मागायचा. जुन्या कोडवर व्हॅलिडेशन बंद करून चालवली तर ती दुसऱ्याच पायरीवर पडते. बहुसंस्था ॲप्लिकेशनच्या चाचणीत एकच संस्था असणं म्हणजे ते तपासलेलंच नसणं, असं मी आता मानते.

फरक

कोड शुक्रवारी रात्री गेला. उरलं होतं ते पैशांचं. सुदैवाने प्रत्येक पावतीत लिटर, फॅट, एसएनएफ आणि लावलेला दर असं सगळं साठवलेलं होतं, त्यामुळे चुकलेल्या काळातली प्रत्येक पावती तिच्या संस्थेच्या दरपत्रकाने पुन्हा मोजता आली. एका संस्थेला दुसरीचं फक्त दरपत्रक लागलं, एवढ्यावर निभावलं. त्याच कॉन्टेक्स्टमधून उत्पादकांची बँक खाती वाचली जात असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

मी दोन केंद्रांवर स्वतः गेले. दरातला फरक सचिवांना फोनवर समजावता आला असता, पण उत्पादकांना कुणीतरी समोर उभं राहून सांगणं गरजेचं वाटलं. एका मावशींनी पिशवीतून पावत्यांची गड्डी काढली, रबराने बांधलेली, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. त्यांनी चुकलेल्या सत्रांच्या पावत्यांवर पेनने फुली मारून ठेवली होती. मी लॅपटॉपवर माझी यादी उघडली आणि आम्ही दोघींनी एकेक पावती लावून पाहिली. त्यांच्या फुल्या सात होत्या, माझ्या यादीतही सात. आठवी एक त्यांना संशयास्पद वाटत होती. ती मी पुन्हा मोजली, तिच्यावर दर बरोबर होता, फॅटच कमी लागली होती.

पुढच्या दसवड्याच्या बिलात 'दर फरक' अशी वेगळी ओळ छापली. ज्यांना जास्त गेले होते त्यांच्याकडून काही कापलं नाही, ती रक्कम आमच्या कंपनीने संस्थांना भरून दिली.